आवाज वाढव

फैजपूरला नामदार तडवींच्या ओट्यावर
हाडं बसवून घ्यायला आलेली माणसं
रांगेत बसून कुस्ती बघतात.
टीव्ही काकांचा, वर्गणी माझ्या खात्यातून जाते,
म्हणून रिमोट माझ्या हातात.

आज तिसरा भाग.
परदेशातला एक जटावाला पैलवान, आता टक्कल पडलेला,
खुर्चीत बसून हिंदीत सांगतोय
(ओठ त्याचे, आवाज भलत्याच कुणाचा)
की सगळं आधी ठरलेलं असायचं.
कोण उचलणार, कोण आपटणार,
कपाळावरचं रक्तसुद्धा:
मनगटाच्या पट्टीत अर्धं ब्लेड.

'घ्या!' एसटीतून रिटायर झालेले फेगडे म्हणाले,
'माझ्या पोरांनी दोन पलंग मोडले
ते या नाटकापायी?'
'नाटकात येवढ्या वरून कोन पडतं?'
कौतिकबाईचं मनगट वांग्याएवढं सुजलेलं.
'मी खाटेवरून पडली तं हे झालं.'

मग पैलवानाची बायको आली, दवाखान्याचं सांगू लागली.
'नाव काय रे तिचं? खाली लिव्हलंय ते वाच.'
मी वाचलं.
नाव नव्हतं. 'दुसरी पत्नी' एवढंच.
कौतिकबाई काही बोलली नाही, फक्त पदर सारखा केला.

'आमच्या आखाड्यात असं केलं असतं
तर लोकांनी पंचाले नारळ फेकून मारला असता,'
गुडघा धरून बसलेला सुपडू पैलवान.
'आन् बरोबरीत सोडवता ती?' फेगडे म्हणाले.
सुपडू गुडघ्याकडे बघत राहिला.

काका इतका वेळ टीव्हीकडे बघतच नव्हते.
एरंडाची पानं तव्यावर शेकत होते.
मध्येच म्हणाले, 'थांबव.'
जटावाला तोंड उघडं ठेवून थांबला.
'डावा खांदा. दोनदा निखळलाय.
बसवला कुणी अडाण्यानं.'
'मग खोटं कसं?'
'मी कुठं खोटं म्हटलं?'
आणि पुन्हा पानं शेकू लागले.

गुमान बारेला कोपऱ्यात.
केळीच्या गाडीवरून घडासकट घसरला होता सकाळी,
उजवा हात मांडीवर ठेवलेला,
कुणीतरी सांभाळायला दिल्यासारखा.
टीव्हीतला म्हणत होता,
जो उचलतो, त्यानंच खालच्याची मान राखायची.
हेच पहिलं शिकवतात.
गुमान पहिल्यांदाच बोलला:
'गाडीवर तसं नाही.'

काका त्याच्याजवळ जाऊन बसले.
माझ्याकडे बघून भुवई उचलली.
मला ठाऊक आहे ती भुवई.
मी आवाज वाढवला.

शेवटची लढत. जटावाला पिंजऱ्यावर चढतोय,
खाली पाठीवर पडलेला दुसरा
हळूच, कुणाला दिसू नये असा, सरकून नेमकी जागा घेतोय.
दिसलं. सगळ्यांना दिसलं.
तरी फेगड्यांचा तंबाखू मळणारा अंगठा थांबला,
सुपडू दुखरा गुडघा विसरून अर्धा उठला,
कौतिकबाई म्हणाली, 'नको रे बाप्पा!'
गुमानची मान वर, डोळे पिंजऱ्याच्या टोकावर,
काकांची टाच त्याच्या काखेत,
दोन्ही हातांत त्याचं मनगट.
जटावाल्यानं उडी टाकली

टक्.

हा आवाज टीव्हीतला नव्हता.
गुमानची किंकाळी जरा उशिरा आली
आणि तिकडच्या हजारो माणसांच्या ओरडण्यात
मिसळून गेली.

'बसला,' काका म्हणाले.
लेप, पान, जुन्या धोतराची पट्टी, गळ्यातून गाठ.
डब्यात काय टाकायचं ते ज्याचं त्यानं.
गुमाननं डाव्या हातानं वीसची नोट टाकली,
घाम पुसला, विचारलं:
'कोन जिंकलं?'

कुणीच बघितलं नव्हतं.
मी मागे घेतलं, आणि नेमकं नेट गेलं.
जटावाला अधांतरी, जटा वर उडालेल्या,
त्याच्या पोटावर गोल फिरणारं चाक.
'ठरलेलंच होतं ना ते,' फेगडे म्हणाले.
'तरी,' गुमान म्हणाला.

त्याची गाडी सावद्याच्या रस्त्यावर हॉर्न देत होती.
फेगडे जरासे सरकले,
तो बांधलेला हात घेऊन त्यांच्याशेजारी बसला,
आणि आम्ही सगळे
ते चाक बघत राहिलो.