तीन सेकंदांची पाठ

शनिवारी जेवणं आटोपली की पास्कू लोबो येतो.
चपला पायरीवर नाही ठेवत, कुत्रा नेतो म्हणून
हातात धरूनच आत आणतो,
आणि शर्टाच्या आतून काढतो एक तबकडी,
पावसातून कुणाचं टपाल आणावं तशी.

मी बर्फाच्या कारखान्यात एकतीस वर्षं हिशेब लिहिले,
त्यामुळे त्या सिनेमांतला बर्फ मला फसवू शकत नाही.
तो मीठ असतो, नाहीतर कागद.
बाईच्या खांद्यावर पडतो आणि विरघळायचं विसरतो.
समुद्र तर हौदातला. सगळ्या लाटा एका मापाच्या,
गलबत हातभर.
खरा मागे आहे, कुंपणापलीकडे, सुरूंच्या आड.
तो त्यांच्या बोलण्यात मध्येच तोंड घालतो
आणि आम्हाला आवाज वाढवावा लागतो.

तरी बघतो.
बघतो ते त्या माणसांचं न बोलणं.
शेजारच्या गल्लीत बॉम्ब पडतो,
मुलगा आता परत येणार नाही अशी तार येते,
बाई तार वाचते, तिची चार पदरी घडी घालते
आणि विचारते, चहा टाकू?
कुंदा म्हणाली, ही आमची शिरोड्याची आत्याच,
फक्त हॅट घातलेली.

इंग्रजी मला हिशेबापुरतं येतं, पास्कूला जहाजापुरतं.
उरलेलं कुंदा सांगते, जिला मुळीच येत नाही.
तो खोटं बोलतोय, कपाळ बघा त्याचं.
ही काय जात नाही त्याच्याबरोबर,
पर्स अजून मांडीवर आहे.
बहुतेक वेळा तीच बरोबर निघते.

पण पास्कूचा सिनेमा एकच.
खोक्यावरचं नाव कधीच पुसलं गेलंय,
आम्ही त्याला धक्क्याचा म्हणतो.
सत्तावन्नाव्या मिनिटाला धुकं.
धुकं मात्र खरं, असं पास्कूचं मत,
त्याला कोळशाचा वास येतो.
पडद्यातून?
माका येता, तो म्हणतो. विषय संपला.
जहाजाची शिडी. नायक कॉलर वर करतो.
आणि त्याच्या डाव्या कानामागून
एक माणूस खांद्यावर ट्रंक घेऊन जातो.
टोपी, आखूड कोट, पाठ.
तीन सेकंद.

"पापा," पास्कू म्हणतो.

सालं जुळत नाहीत.
मी मनातल्या मनात वजाबाकी केली आहे, दोनदा,
आणि दोन्ही वेळा पाटी पुसली आहे.

पहिल्यांदा पाहिला तेव्हा
नायक नायिकेला दोनच शब्द बोलून वळला
आणि कुंदा भडकली:
"जातंय असा म्हणा नये. येतंय म्हणाचा.
कोणी शिकवूक नाय ह्येका?"
पास्कूनं पडद्यावरची नजर काढली नाही.
"पापा येतंय म्हणानच गेल्लो," म्हणाला.
त्या रात्री पुढचा सिनेमा कुणीच नीट बघितला नाही.
नायिकेचं काय झालं ते मला अजून माहीत नाही.

काल पुन्हा सत्तावन्नावं मिनिट.
मी चित्र थांबवलं. थांबलेलं चित्र थरथरत असतं.
एक पाल काचेवरून तिरकी आली
आणि नेमकी ट्रंकेवर बसली.
दीपस्तंभाचा झोत खिडकीतून आला, भिंत चाटून गेला.
तेव्हा कुंदा म्हणाली, लसूण सोलता सोलता,
"पण ह्यो चढता की उतारता?"

इतक्या शनिवारांत हे कुणी विचारलंच नव्हतं.
शिडीचं खालचं टोक धुक्यात, वरचंही धुक्यात.
पास्कू खुर्चीतून उठला, पडद्यापाशी गेला,
पाल पळाली.
बोटानं त्यानं खांद्यावरून एक रेघ ओढली.
"ट्रंक भरलेली आसा," एवढंच म्हणाला. "खांदो बघ."

मी मागे घेतलं.
मागे घेताना तो माणूस उलट्या पावलांनी
धुक्यातून परत येतो, आमच्याकडे,
पाठमोराच.

"हळू," पास्कू म्हणाला. "हळू घे."