वेग सात

मार्केट यार्डाच्या मागच्या गल्लीत
रविवारी हळदीच्या गोदामाला सुट्टी असते
आणि आम्हाला युद्ध.

माझं आरमार हळदीचं.
जेठा गड्डा म्हणजे महानौका,
बगल गड्डे तिचे पहारेकरी,
मोडकी हळकुंडं पुढं मरायला.
इलियासचं मिरजेहून येतं, कापडी पिशवीत:
सतारीच्या खुंट्या, हाडाच्या घोडीचे तुकडे
आणि तडकलेल्या भोपळ्याची अर्धी कवटी.
ते त्याचं अवकाशस्थानक.
टिचकी मारली तर अजून घुमतं.

दोघांचे खेळ वेगळे.
माझ्यात षटकोनी घरं. जहाज घरं मोजत जातं
आणि डाव संपला की उभं राहतं, बैलासारखं.
त्याच्यात घरं नाहीत, फूटपट्टी आहे,
आणि एकदा दिलेला वेग
उलटा जोर लावेपर्यंत जात नाही.
तीन रविवार भांडलो
कुणाचं अंतराळ खरं यावर.
चहा दोनदा सांडला.

मग ऋजुतानं (भूमापन कार्यालयात असते,
दिवसभर गुंठ्याचे आर करते)
पाठकोऱ्या कागदावर कोष्टक काढलं.
एक घर म्हणजे दोन बोटं.
इकडची ढाल तिकडं पाऊणपट.
"आणि उभं कुणी राहायचं नाही," म्हणाली,
"अंतराळात पार्किंग नसतं."

हुकूम चिठ्ठीवर लिहायचे होते, गुपचूप.
पण इलियासचं अक्षर इलियासलाच लागत नाही.
तेव्हा वडिलांचा रुमाल काढला,
ज्याच्याखाली बोटं दाबून
हळदीचे भाव ठरायचे, तोंडातून ब्र न काढता.
आता पंच ऋजुता. तिच्या हातात
दोन बोटं म्हणजे डावं वळण, मूठ म्हणजे मारा.
रुमाल उचलला की
खुंट्या हळकुंडांत घुसलेल्या
आणि सगळ्यांचे पंजे पिवळे.

श्रेणिकचं मुद्दाम उशिरा सांगतोय.
त्याचं एकच जहाज,
बहिणीच्या शिलाई मशीनची बॉबिन.
आरमार नको म्हणायचा, सांभाळायला माणसं लागतात.
शेवटच्या रविवारी त्यानं रुमालाखाली
सात बोटं दाबली, दिशा दरवाजाकडं,
आणि सोमवारी होसूरला गेला, कारखान्यात.
फोन लागायचा.
उचलायचा नाही.

नियम तो नियम. उलटा जोर लावायला तो नव्हता.
म्हणून दर डावाला आम्ही बॉबिन सात घरं सरकवली.
टेबल संपलं, कॅरमबोर्ड जोडला.
कॅरम संपला, पोत्यांवर पत्रा टाकला.
थप्पीवरून फरशीवर उतरायला नवा नियम,
तोलकाट्याजवळून जाताना त्याची ओढ, एक घर.
मागच्या पुराची भिंतीवरची रेघसुद्धा
नकाशात घेतली, तेजोमेघ म्हणून:
तिच्या सावलीत कुणाला कुणी दिसत नाही.
खेळ वाढला तो असा,
न उचललेल्या फोनच्या मागं मागं.

हमालांना काही सांगितलं नव्हतं.
तरी शिवगोंडामामा पाठीवर पोतं घेऊन
बॉबिनला वळसा घालून जायचे,
निजलेल्या पोराला ओलांडत नाहीत तसे.

काल रात्री साडेअकराला त्याचा फोन.
कसा आहेस नाही, घरचे कसे नाही.
"कुठवर गेलं?"

थांब म्हटलं. चप्पल, किल्ली, टॉर्च.
गोदामात वाकून शोधलं.
काट्याच्या पुढं, शटरच्या अलीकडं,
अंगावर हळदीची धूळ.
फूटपट्टी इलियासकडं, मिरजेत.
मग टेबलापासून पावलांनी मोजत निघालो,
त्याला ऐकू जाईल असं, मोठ्यानं.
तोही मोजू लागला बरोबर.
एकोणीसला चुकला.
मी परत टेबलापाशी आलो,
एकपासून सुरू केलं.