बिंदू पाण्यात

करार सहा महिन्यांचा. त्यातले चार सरले.
पणजीत, जिन्याखालच्या खोलीत बसून
मी पाच संस्थांची झाडं एका यादीत उतरवते.
कॉलेजनं दिली तीन हजार पानं, पुठ्ठ्यावर टाचलेली.
वन खात्यानं एक सीडी,
ती घेईल असं यंत्र आता त्यांच्याकडेही नाही.
शेती केंद्रानं तणं पाठवली,
नावाच्या जागी नुसतं ‘तण’, खाली सही-शिक्का.
वैद्यांच्या मंडळाला औषधापुरतीच झाडं ठाऊक.
आणि सेमिनारीतून आली एक फणसाची पेटी,
आत वाळवी, पोर्तुगीज,
आणि एक सुकलेली पाल,
जिला कुणी क्रमांक दिला नव्हता.

पहिली बैठक नावावरून मोडली.
‘स्थानिक नाव’ या रकान्यात जागा एकाच नावाची.
डॉ. एफिजेनिया रेबेलो म्हणाल्या, घागरी.
वैद्य म्हणाले, शणपुष्पी.
माझ्या पाठ्यपुस्तकात खुळखुळा.
रेंजर मळीक चहात बिस्कीट बुडवून गप्प,
मग म्हणाले, आमगेर घागऱ्यो म्हणटात,
आणि बिस्कीट कपात पडलं.

चवथीच्या आदल्या दिवशी मी डिचोलीला गेले.
माटोळीचा बाजार रस्त्यावर सांडला होता:
कवंडळं, कांगणं, शेरवडाची पांढरी पानं,
आंबाड्यांचे घोस, आणि सत्यवती गावस
गोणपाटावर मांडी घालून.
तिच्याकडे पासष्ट जाती. मी मोजल्या.
पाचही संस्थांनी मिळून त्यातल्या एकोणचाळीस दिल्या आहेत.
हिरव्या शेंगांची जुडी उचलून मी कानाशी हलवली.
‘आतां वाजना,’ ती म्हणाली,
‘दिवाळे उपरांत वाजतली.’
कुठून आणल्या, विचारलं
तर सुटे पैसे मोजत राहिली.
मी तो रकाना कोरा ठेवला.

पेटीतलं पान क्रमांक एकशे बारा.
पाद्रे तेओतोनियु यांचं बारीक, डावीकडे झुकलेलं अक्षर:
जानेवारी १९५७, हळदीमोरड,
देवळाच्या तळीपासून उत्तरेला, अर्धा तास चढ,
लाल माती, ऊन भरपूर, एक कुत्रा सोबत.
कुत्र्यासाठी रकाना नाही.
मी जुना नकाशा काढला, पट्टी लावली,
अक्षांश, रेखांश, सेव्ह.

ओळ तांबडी झाली.
‘जमिनीवरची वनस्पती. बिंदू पाण्यात. तपासा.’

तपासलं.
पट्टी बरोबर होती. पाद्रेही बरोबर होते.
वरून काढलेल्या फोटोत तिथं
एक हिरवट डोळा, पापणीविना.
डोंगर खणून खाली नेला, मग खाण बंद पडली,
पंप बंद पडले, पाणी आपोआप चढत आलं.
त्या डोंगरावरून बाबांचा ट्रक
दिवसाला चार खेपा करायचा.
टायरांना चिकटून आलेली माती
आई अंगणात झाडायची, तुळशीपासून लांब.
माझी बी.एस्सी.ची फी त्या खेपांतून गेली.
हे झाड वर्गात शिकले तेव्हा
त्याचा डोंगर बहुधा बाबांच्या हौद्यात होता.

मळीक म्हणाले, दोनशे मीटर सरकवा,
काठावर घ्या, मशीन गप्प बसेल.
रेबेलोबाईंनी फोनवर बराच वेळ काही म्हटलं नाही,
मग म्हणाल्या, नोंद काढून टाकणं शास्त्राला धरून होईल,
आणि मग, थांब, आज नको.
मुख्य कार्यालयाला तांबडी ओळ चालत नाही.
शंभर टक्के हिरवी झाल्यावर
मंत्र्यांच्या हस्ते बटण दाबायचं आहे.

शेरा लिहायला ऐंशी अक्षरं मिळतात.
मी लिहिलं, खोडलं. लिहिलं, खोडलं.
शेवटी एवढंच ठेवलं:
बिंदू बरोबर आहे. डोंगर नाही.

मळीक आता माझ्याशी जरा जपून बोलतात.
यादीत साडेआठ हजार ओळी, एक तांबडी.
पुढचा करार मिळेल असं वाटत नाही.

पान परत ठेवताना
कोपऱ्यातली कागदी पुडी कलंडली
आणि आत बिया
वाजल्या.
जिन्यावरून कुणीतरी विचारलं, काय गं?
मी म्हटलं, काही नाही,
एकशे बारा.