एका कान्याचं अंतर

माझ्या भाषेत जामीन आणि जमीन
यांच्यात एका कान्याचं अंतर आहे.
न्यूफाउंडलंडच्या टोकावरच्या त्या गावात
लिअँडर पिटमनला जामीन मिळाला,
म्हणजे फक्त जमीनच मिळाली:
आत्याच्या घरातली मागची खोली, सरपणाची खोप,
चर्चपर्यंतचा रस्ता.
धक्क्यापासून दोनशे मीटर लांब राहायचं.
गावाला धक्का एकच.

फेब्रुवारीत त्याच धक्क्यावर
अँब्रोज कियोच्या खांद्याचं हाड मोडलं.
आकडीचा दांडा आधी कुणी उचलला
याबद्दल गावात दोन मतं आहेत,
आणि खटला ऑक्टोबरात.
लॉब्स्टर ऑक्टोबरापर्यंत थांबत नाहीत.
बर्फ फुटला की नऊ आठवडे,
मग पिंजरे परत अंगणात.

म्हणून अटी बदलून मिळाव्यात असा अर्ज.
न्यायालय तिथे महिन्यातून एकदा येतं,
गावच्या हॉलमध्ये बसतं.
मागे बिंगोचा फळा, त्यावर शनिवारचा शेवटचा आकडा
तसाच राहिलेला: बासष्ट.
जामीनदार म्हणून आत्या उभी राहिली.
ड्रुसिला पिटमन. एकोणतीस वर्षं शाळेची बस चालवलेली.
आरोपी आणि फिर्यादी,
दोघंही तिच्याच बसच्या पायऱ्या उतरून मोठे झालेले.

न्यायाधीशबाईंनी धक्क्याचा नकाशा मागवला.
अँब्रोज निघतो कधी?
साडेचारला.
परततो?
दोनला, वारा नसेल तर.
मग ठरलं. पहाटे पाच ते पाच वीस
धक्का लिअँडरचा. दुपारी तीन ते साडेतीन पुन्हा.
आत्या सोबत हवी.
पाण्यातही दोनशे मीटर.
बोलायचं नाही, रेडिओवर नाही, कुणाकरवी नाही.

"आणि एखादा बुडत असला तर?"
आत्याला कुणी काही विचारलं नव्हतं.
सरकारी वकील उगाच कागद चाळत राहिला.
बाईंनी पेन खाली ठेवलं, पुन्हा उचललं,
दोन ओळींच्या मधल्या जागेत बारीक अक्षरात लिहिलं:
जीव धोक्यात असल्यास हाक मारण्याची मुभा.
लिअँडरने सही केली,
शाळेत गिरवल्यासारखी, जीभ दातांत धरून.

पहिल्या दिवशी पाच वाजले
तरी अँब्रोजची होडी धक्क्यालाच.
इंजिन खोकायचं, धरायचं, सोडायचं.
वर, मासळीच्या बंद कारखान्यापाशी
आत्याच्या ट्रकमध्ये दोघं,
काचेवर त्यांच्या श्वासाची वाफ.
पाच सात.
पाच अकरा.
"फिल्टरमध्ये पाणी गेलंय," लिअँडर म्हणाला.
आत्याला नाही. काचेला.

तिचे हात स्टिअरिंगवरच होते.
कुणाकरवी नाही, असं कागदावर आहे,
आणि तो कागद तिच्या फ्रिजवर लावलेला आहे,
खेकड्याच्या आकाराच्या चुंबकाखाली.
जीव कुणाचाच धोक्यात नव्हता.
एका दिवसाची मासळी फक्त,
दोन घरांची.

पाच चौदा. तिने थर्मास उचलला, उतरली.
रिकामा रस्ता ओलांडताना
आधी डावीकडे पाहिलं, मग उजवीकडे, मग पुन्हा डावीकडे.
धक्क्याच्या टोकाला जाऊन उभी राहिली,
होडीकडे पाठ करून,
आणि समुद्राला मोठ्याने काहीतरी म्हणाली.
हवेबद्दल असेल.
पाण्याबद्दल असेल.

ट्रकमध्ये लिअँडरने वाफेवर
बोटाने एक उभी रेघ ओढली,
पलीकडचं दिसावं इतकीच रुंद.
पाच सतरा.
इंजिन गप्प होतं,
आणि होडीत कुणीतरी वाकून
हत्यारांची पेटी उघडत होतं.