गुंडाळुन द्या

शनिवार पेठेतल्या छापखान्यात बत्तीस वर्षं
मी लोकांच्या वेलांट्या तपासल्या.
लग्नपत्रिका, स्मरणिका,
एका पतपेढीचे अहवाल, दरसाल त्याच चुकांसकट.
खिशाला लाल पेन. रविवारीही.

निवृत्तीनंतर डॉक्टर म्हणाले, चालत जा.
चालत चालत पर्वतीच्या पायथ्याशी
महापालिकेच्या शाळेत पोचलो,
जिथे मंगळवार-शुक्रवार, सात ते साडेआठ,
मोठी माणसं पहिलीच्या बाकांवर
गुडघे आडवे घालून बसतात.

माझ्या वाट्याला आल्या अंजिराबाई लोंढे.
वय विचारलं तर म्हणाल्या,
किल्लारीचा भूकंप झाला तवा दोन लेकरं होती,
करा हिशेब.
सहा सोसायट्यांचा कचरा त्यांच्याकडे.
त्यातली एक माझी.
चार वर्षं पिशवी देत होतो रोज सकाळी;
नाव कळलं ते इथे,
हजेरीच्या वहीत, अंगठ्याशेजारी.

कागद त्यांना अंधारातही ओळखू येतो.
माझ्या वहीचं पान दोन बोटांत चोळून
म्हणाल्या, पांढरा रेकॉर्ड. चांगला भाव.
पेपरची रद्दी वेगळी, पुठ्ठा वेगळा,
चकचकीत मासिकाला कुणी विचारत नाही.
मी म्हणालो, आणि त्यावर लिहिलेलं असतं ते?
त्याचं वजन येत न्हाई, म्हणाल्या.

तिसऱ्या आठवड्यात पहिलं वाक्य लिहिलं, एकटीनं:
मि पानी भरते.
पेन कधी निघालं मला कळलंही नाही.
दोन गोल.
समासात दीर्घ मी, बाणातला ण.
अंजिराबाईंनी वही मिटली, पदराखाली धरली.
पुढच्या मंगळवारी बाक रिकामा.
शुक्रवारीही.

घरची पिशवी न्यायला त्यांची सून येऊ लागली.
शेवटी गेलो दांडेकर पुलाजवळच्या शेडवर.
काय चुकलं, मी विचारलं.
हात थांबले नाहीत. दुधाच्या पिशव्या इकडे,
बाटल्यांची झाकणं तिकडे.
तुमच्या बिल्डिंगीत लोक डायपर सुक्यात टाकतात, मास्तर.
मी काय दारावर लाल गोल काढते का?
मुकाट निवडते.
ज्याचं त्याच्या जागी लावते आन् पुढं जाते.

एक कुत्रं येऊन माझी चप्पल हुंगून गेलं.
मी म्हणालो, शुक्रवारी या.
बघू, म्हणाल्या.

आल्या. मी पेन ड्रॉवरमध्ये ठेवून गेलो होतो;
दीड तास हात सारखा खिशाकडे जात होता,
दाढ काढल्यावर जीभ जाते तसा.
त्यांनी पानी लिहिलं, लोनी लिहिलं, कुनी लिहिलं.
मी शेजारच्या पानावर, माझ्यापुरतं, लिहीत राहिलो
पाणी. लोणी. कुणी.
पाऊण महिना गेला असेल.
एक दिवस त्या मधेच थांबल्या,
माझ्या पानाकडे पाहिलं,
आणि आपल्या न ला खोडून ण केला.
मी खिडकीबाहेर बघत असल्याचं दाखवलं.

दिवाळीच्या आधी लिफ्टशेजारी एक कागद चिकटलेला दिसला.
पांढरा रेकॉर्ड, पाठकोरा.
काच पेपरात गुंडाळुन द्या.
हात कापतो.
अंजिरा.

डळ ह्रस्व आहे हे मला दिसलं.
दिसलं, पण दुसऱ्यांदा वाचताना.
पहिल्यांदा वाचलं तेव्हा फक्त
हात आठवले, निवडणारे,
आणि गेल्या महिन्यात मी तशीच टाकलेली
फुटकी बरणी.

दुसऱ्या मजल्यावरचे दातार म्हणाले,
भिंतीचा रंग जाईल चिकटपट्टीनं.

त्याच रात्री चहाचा कप फुटला.
पेपरच्या चार घड्यांत तुकडे बांधले, वर सुतळी,
आणि जाड अक्षरात लिहिलं: काच.
आयुष्यात इतरांचं तपासलं,
कुणाला उद्देशून लिहिलेला हा बहुधा पहिलाच मजकूर.

सकाळी दारात अंजिराबाई.
पुडकं हातात घेतलं, थोडं लांब धरलं,
ओठ हलले.
वाचलं, म्हणाल्या.
पण च ला पोट नीट द्या, मास्तर.
व वाटतोय.