सोमवारचं डोकं

जिभेखाली ठेवायची. चघळायची नाही,
गिळायची तर मुळीच नाही.
आणि आधी बसायचं.
डॉक्टर खैरनार 'बसायचं' दोनदा म्हणाले.
मग आवाज खाली करून आणखी एक विचारलं,
त्या दुसऱ्या गोळ्या घेत नाही ना? जमत नाही दोन्हींचं.
एकाहत्तराव्या वर्षी कुणी असं विचारलं
याचंच मला बरं वाटलं.

पहिल्या वेळी मी बसलो नाही.
खडकी बाजारात, कांद्या-बटाट्याच्या गाड्याशी,
छातीवर कुणी भरलं पोतं टेकवल्यासारखं झालं
आणि मी उभ्याउभ्याच
तपकिरी कुपीचं झाकण फिरवलं.
जीभ चुरचुरली.
थोड्या वेळानं पोतं हळूच उचललं गेलं
आणि उचलणाऱ्यानं त्याच हाताने, मजुरी म्हणून,
पायाखालची जमीनही उचलून नेली.
गाडीवाल्यानं क्रेट उलटा घातला.
"बसा काका. तोंड बघा केवढं लाल झालंय."

मग डोकं सुरू झालं.
कानशिलांत घण,
डोळ्यांमागे कुणीतरी पंप मारतंय,
कॉलरच्या आत वाफ.
आणि मी त्या उलट्या क्रेटवर बसून हसलो.
गाडीवाला घाबरला असेल.
पण हे डोकं माझ्या ओळखीचं होतं.

दारूगोळ्याच्या कारखान्यात एकतीस वर्षं काढली मी,
अशा शेडमध्ये, जिथं काड्यापेटी तर सोडाच,
बुटात खिळासुद्धा चालत नसे.
हेच तेल. गोळीत कणभर असतं,
आम्ही ते हवेतून प्यायचो, हातांच्या कातडीतून प्यायचो.
शनिवारपर्यंत अंग सरावायचं,
रविवारी विसरायचं,
आणि सोमवारी दहाच्या सुमाराला
अख्खी शेड डोकं धरून बसलेली.
धोंडीराम काळभोर तर रविवारी लग्नाला जाताना
टोपीच्या पट्टीत कारखान्यातली चिंधी खोचायचा,
सवय मोडू नये म्हणून.
नवरदेवापेक्षा त्याचीच टोपी आम्ही बघत बसायचो.

"डोकं दुखतंय म्हणजे गोळी चालतेय," डॉक्टर म्हणाले,
"शिरा सैलावतात. छातीतल्या, डोक्यातल्या, सगळ्याच.
तिला निवड करता येत नाही."

हे मी घरी येऊन हिला सांगत होतो.
कौतुकानं सांगत होतो, धोंडीरामच्या टोपीसकट.
ही मेथी निवडत होती.
आणि सांगता सांगता, मध्येच,
मला मोरीतला दगड दिसला.

रविवारी ही माझे खाकी कपडे धुवायची.
आठवड्याचे सगळे,
दोन्ही हातांनी चोळून, बाह्या उलट्या करून.
आणि दुपारी कपाळाला फडकं आवळून
खिडकी लावून पडायची.
आई म्हणायची, पाहुणे यायचे म्हटलं की हिचं डोकं.
मी म्हणायचो,
काय काय म्हणायचो ते आता लिहीत नाही.

आठवड्यातून एकदाच.
म्हणजे सवय हिला कधी झालीच नाही.
आम्हाला निदान मंगळवार होता.

मी गप्प झालो.
"वास यायचा त्यांना," ही म्हणाली, "गोडसर.
मला वाटायचं, साबणच खराब आहे.
तीन साबण बदलले मी."
आणि पुन्हा मेथी.

परवा रात्री पुन्हा पोतं आलं छातीवर.
या वेळी पलंगाच्या कडेला नीट बसलो.
सुनेनं गोळ्या प्लास्टिकच्या डबीत ओतल्या होत्या, सुबक दिसतात म्हणून,
त्या हिनं कधीच परत कुपीत भरून ठेवल्या होत्या.
चुरचुरली. उतरलं. आणि मागोमाग घण.
मी काही बोललो नाही, हातसुद्धा नेला नाही कपाळाला.
हिनं अंधारातच हात पुढे केला
आणि दोन बोटं टेकवली
डाव्या भुवईच्या वर, केसांच्या जरा खाली,
बरोबर तिथंच.

"इथं ना," ही म्हणाली.
विचारलं नाही, म्हणाली.

घड्याळ हिच्या दुसऱ्या हातात होतं.
"उठू नका एवढ्यात."