शेवंतीचं कुळ

मिठबावच्या सड्याला लागून
काजूच्या कलमांत कोयता चालतोय.
शेवंती घाडी दर माघात इथे रानमोडी तोडते,
रोजावर. चहा मालकाचा, भाकरी घरची.
मी दोरीने चौकोन आखतो, आतले बुंधे मोजतो,
वहीत आकडे लिहितो.
तिला वाटतं, आकड्यांनी झाड मरत असणार,
नाहीतर सरकार पगार कशाला देईल?

"ह्यां खयसून इलां?"
समुद्रापलीकडून, मी म्हणालो.
कुणाच्या बागेत शोभेला, की गोणीच्या शिवणीत,
की गलबताच्या तळाला भार म्हणून टाकलेल्या मातीत,
नक्की ठाऊक नाही.
"मगे वाट चुकान इलां म्हण."

सांगितलं नाही ते असं :
हिच्याबरोबर किती निघाल्या असतील.
किती बिया धक्क्यावर कुजल्या,
किती पहिल्याच आषाढात वाहून गेल्या,
एखादी तर पार फुलली आणि
बी धरायच्या आदल्या संध्याकाळी बकरीने खाल्ली.
त्यांना नाव नाही. त्यांच्यासाठी वही नाही.
ही हुशार होती म्हणून उरली, असं नाही.
उरली, म्हणून आपण तिला हुशार म्हणतो.

वैरी तिकडेच राहिले,
खोड पोखरणारी अळी, पानाला गाठ आणणारी माशी,
त्यांना गलबतात जागा मिळाली नाही.
इथल्या गुरांनी हुंगलं आणि मान वळवली.
मग डोंगराला बुलडोझर लागला,
उघडी माती तर आपणच अंथरून दिली.
ज्या बीची पिसं जरा लांब
ती रस्त्याच्या कडेने हातभर पुढे पडली,
तिच्या लेकी आणखी हातभर.
कुणी ठरवलं नव्हतं.

"आणि ह्यो काजू?"
तोही त्याच समुद्रापलीकडचा.
ती हसली. "त्याचे पैसे येतत."

मग गंमत म्हणून सांगितलं,
पुस्तकात रानमोडी शेवंतीच्या कुळातली.
कोयता थांबला.
"माझ्या?"
फुलाच्या गं. आणि ते फूलही लांबचंच, चीनकडचं.
बराच वेळ फक्त कोयत्याचा आवाज.
तिचं माहेर घाटाच्या पायथ्याशी, गोड्या विहिरींचं.
"माका पयल्या वर्साक हयलां पानी बाधलां," ती म्हणाली,
माझ्याकडे न बघता. "मगे रुजलंय."

दुपारी बोट कापलं, तेव्हा
तोडलेल्या ढिगातलाच पाला चुरडून लावला तिने.
रक्त थांबलं.
ढीग पेटवायचा बाकी होता, तो पेटवला.

संध्याकाळी मी वर सड्यावर. काळा कातळ.
इथे ती अजून पोचलेली नाही.
पावसात इथे सीतेची आसवं फुलतात, मुळांशी किडे खाऊन,
कारण माती बोटभरही नाही;
आता ती भेगांत बी होऊन निजलेली.
चौकोन आखला. आत शून्य.
मग कोपऱ्यात, गेल्या आठवड्याच्या अवकाळी सरीने ओल्या भेगेत,
दोन पानं दिसली, तिळाएवढी.
कुणाची, ते अजून ओळखता येत नाही.
उपटावी का, हेही.
शून्य खोडलं नाही. शेजारी पेन्सिलीने टिंब दिलं
आणि खालून धूर वर येत होता, त्यात
पिसं.